आजोबांच्या मागची नावं सापडत नाहीत. पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्याकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की गाव सातारा जिल्ह्यातलं, आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले ते इथलेच झाले, पणजोबांचं नाव तेवढं ठाऊक आहे, त्यामागे काळोख. आणि कुणीतरी ‘पंधरा पिढ्यांची वंशावळ, फ्रेमसकट’ करून देतो म्हणालाय.

मी मोडी वाचतो आणि घराण्यांचे कागद शोधून देणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे माझं उत्तर थोडं जपूनच घ्या. तरी सांगतो: आत्ता कुणालाच पैसे देऊ नका. आणि त्या फ्रेमवाल्याला तर कधीच देऊ नका.

पंधरा पिढ्या म्हणजे ‘हा त्याचा मुलगा’ हे विधान चौदा वेळा करणं. चौदाही वेळा वेगळा कागद लागतो. सातव्या ठिकाणी कागद नसेल तर आठव्यापासून पुढची नावं दुसऱ्याच कुणाच्या घराण्याची असू शकतात, आणि ती कितीही सुंदर अक्षरात लिहिली तरी तुमची होत नाहीत. जो माणूस कागद बघण्याआधीच पिढ्यांचा आकडा सांगतो, त्याच्याकडे तयार साचा असतो. तुमच्या आडनावाचा एखादा सरदार शोधायचा, त्याच्यापासून खाली चार-पाच नावं भरायची आणि तुमच्या पणजोबांना टोकाला बांधून टाकायचं. वर सूर्यवंश नाहीतर चंद्रवंश फुकट.

आधी हे ठरवा की वंशावळ कशासाठी हवी आहे. जात पडताळणीसाठी हवी असेल तर पंधरा पिढ्यांचा काही उपयोग नाही. तिथे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची जुनी नोंद आणि तिथपासून तुमच्यापर्यंतची सलग साखळी लागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. जमिनीच्या वारसासाठी हवी असेल तर बहिणी, आत्या, त्यांची मुलं सगळी आली पाहिजेत, कुणाला गाळून चालत नाही. नुसती हौस असेल तर उत्तम. घाई नसते, त्यामुळे फसगतही कमी होते.

सुरुवात घरातून करा आणि पुरुषांच्या आधी बायकांना विचारा. सत्तरी ओलांडलेली एखादी आत्या किंवा चुलतआजी असेल तर तिच्याकडे जा. पुरुषांना बांध आणि भांडणं आठवतात. बायकांना कोण कुठल्या गावी दिली, कुणाचं बाळंतपण कुठे झालं, कोण कशाने गेलं हे आठवतं. ‘वंशावळ सांगा’ असं मात्र म्हणू नका, त्या गप्प होतात. ‘आपल्याला सुतक कुणाकुणाचं येतं?’ असं विचारा. दहा दिवसांचं सुतक येतं ती जवळची भावकी, तीन दिवसांचं येतं ती लांबची. शास्त्राप्रमाणे पहिली हद्द सात पिढ्यांची, दुसरी चौदा पिढ्यांची. म्हणजे ज्या घराचं तीन दिवस सुतक तुम्ही पाळता, त्या घराचा आणि तुमचा मूळपुरुष एक आहे, पण तो बराच मागे आहे, एवढं कुणीही कागद न उघडता सांगू शकतो. लग्नातलं देवक, कुलदैवत, यात्रेत कुठल्या घराला कसला मान, हेही विचारून ठेवा. घरी पक्ष घालत असाल तर पिंडाला वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घेतात; तुमच्या आजोबांनी घेतलेली तीन नावं कुणाला आठवत असतील तर दोन पिढ्या तिथेच मिळाल्या.

मुंबईतही एक जागा आहे, ती लोक विसरतात. गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांच्या सामाईक खोल्या होत्या, काही अजून आहेत. ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या असतात. त्यांत आजोबांचं पूर्ण नाव, वाडी आणि कुठल्या भावकीतले हे मिळून जातं. गिरणीचा पास किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद घरात असेल तर तोही काढा.

आता खरं काम. गावचा सातबारा काढा. जमीन विकली असेल तरी काढा, कारण मालक बदलतो, जुनी नोंद कुठे जात नाही. सातबाऱ्यावर वर्तुळात आकडे दिसतात ते फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, नंबर. एकेक धरून मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक गावांची फेरफारवही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सुरू होते. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर आले आहेत, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते.

तुम्हाला हवा तो फेरफार वारसाचा. त्यात साधारण असं असतं: खातेदार राघू बिन म्हादू मयत, वारस मुलगे थोरला अमुक, मधला अमुक, धाकटा अज्ञान (म्हणजे वयाने लहान), पालन करणारी आई सखू. एका परिच्छेदात तीन पिढ्या आल्या! ‘बिन’च्या पुढचं नाव बापाचं, मराठवाडा-खानदेशकडे तिथे ‘वलद’ दिसेल, आणि ‘कोम’च्या पुढचं नाव नवऱ्याचं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरं दिसली की सावध व्हा: जमीन एकाच्या नावावर असली तरी मागे न लिहिलेले भाऊ आहेत. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुली बहुतेक नसतातच. नंतरच्या नोंदींत त्या लग्नानंतरच्या नावाने येतात आणि कधी कधी सासरच्या गावासह येतात. ते गाव टिपून ठेवा. तुमच्याकडचा कागद हरवला असेल तर आत्याच्या सासरी सापडतो, हे मी किती वेळा पाहिलंय सांगता येणार नाही.

दुसरी वही गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा या वह्यांचं नाव पेपरात झळकलं, आणि तोवर ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. (माझ्याही घरी तेव्हा पाहुण्यांची रीघ लागली होती.) या वहीची गंमत अशी की जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, आणि बापाचं नाव. तेव्हा आजोबांचं नाव शोधत बसू नका. पणजोबांचं नाव धरा आणि त्यांना कुठल्या साली मुलगा झाला, कुठल्या साली मुलगी, ते उतरवून घ्या. १९१८च्या शेवटच्या महिन्यांची पानं मात्र जरा मन घट्ट करून उलटा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातल्या ओळीवर ओळी येतात. ‘आमचे पणजोबा मामाकडे वाढले’ अशी गोष्ट घरात असेल तर तिचं कारण पुष्कळदा या पानांवर असतं. मग मूळ गाव कुठलं हा प्रश्नच नव्याने घालावा लागतो, कारण मामाचं गाव ते आपलं गाव नव्हे.

शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला सोपं आणि जात, जन्मगाव, बापाचं नाव यासाठी चांगलं. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो तो मास्तरांच्या कृपेने.

तुमचं गाव जावळी-पाटण भागातलं आणि कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं असेल तर पुनर्वसनाच्या कागदांत कुटुंबवार याद्या असतात, त्या आधी मागा.

एवढं झालं की तुम्ही साधारण १८८०-९०च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत पोचता. इथवर यायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही. लागतो तो वेळ, तलाठ्याशी गोड बोलणं आणि अर्जाची पोच जपून ठेवणं.

त्यामागे जायचं तर मोडी येते, आणि इथे आमच्यासारख्यांचा उपयोग सुरू होतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. सातारकर छत्रपतींचं दफ्तरही तिथे आहे. पण त्यात कोण सापडतं हे आधीच सांगितलेलं बरं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले, शेटे, म्हणजे ज्यांच्याकडे वतन (गावच्या कामाचा पिढीजात हक्क) होतं आणि ज्यांनी त्यासाठी भांडण केलं, ते सापडतात. वतनाचा वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, लिहून देत: आमचा मूळपुरुष अमका, त्याचे लेक तमके, दुष्काळात परागंदा झालो, परत आलो तो भाऊबंदाने वतन बळकावलं होतं. मग गोतसभा, म्हणजे गावच्या वतनदारांची आणि भाऊबंदांची सभा, बसायची आणि महजर, म्हणजे लेखी निवाडा, व्हायचा. भांडखोर पूर्वज असणं यासारखं भाग्य नाही. इंग्रजांच्या काळात इनाम कमिशनने (त्याला १८५२च्या कायद्याने अधिकार मिळाले) इनामदारांकडून कैफियती (लेखी निवेदनं) घेतल्या, त्यांनाही वंशावळी जोडलेल्या असतात. बलुतेदारांची आणि महार वतनाचीही कागदपत्रं आहेत. ‘सहा ब’च्या, म्हणजे महार वतनासारख्या जमिनींचे जुने कागद लावून वारसांची साखळी नीट उभी राहते. पण ज्याने मुकाट्याने दुसऱ्याचं शेत कसलं त्या माणसाचं नाव अठराव्या शतकात मिळणं अवघड, आणि आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज तेच होते.

या कागदांवरचं सालही उघड नसतं. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन (तेव्हाच्या कागदांतली वर्षगणना) ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, मृग निघाल्यापासून पुढचं वर्ष. इथे दहा वर्षांची चूक झाली की आजोबा नातवाच्या जागी जाऊन बसतो. त्यात आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत: म्हादूचा राघू, राघूचा म्हादू, पुन्हा राघू. कुठला राघू हे फक्त सालावरून आणि भावांच्या नावांवरून ठरतं. दत्तक आला की आणखी गुंता. आणि आडनावाच्या जोरावर काही ठरवू नका; शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एकाच घरातला एक भाऊ पाटील लावायचा, दुसरा मूळ कुळाचं नाव लावायचा आणि तिसरा गाव सोडून गेला तो गावाच्या नावापुढे ‘कर’ जोडून बसायचा.

तीर्थक्षेत्रांचा मार्ग वेगळा आहे आणि मला तो आवडतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात, गाववार आणि आडनाववार लावलेल्या. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला कुणी गेलं की उपाध्ये त्याच्याकडून बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून घेत, खाली सही नाहीतर अंगठा. सांगणारा स्वतः त्या घरातला, म्हणून या नोंदीला वजन आहे. तुमच्या जातीचे आणि गावाचे उपाध्ये कोण हे नाशकात रामकुंडावर विचारलं की कळतं. जाल तेव्हा हातातली नावं घेऊन जा आणि आधी त्यांना वाचू द्या. आपण नाव सांगायचं आणि त्यांनी ‘हो हो, आहे’ म्हणायचं, असं नको. निघताना दक्षिणा द्या आणि तुमची आजची पिढी लिहून या. कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारे लोक, येतात. त्यांच्या वह्यांत काही घराण्यांच्या पिढ्या नीट लावलेल्या असतात. गावात म्हाताऱ्यांना विचारा, आपल्या घरी हेळवी येत होता का.

मॉरिशसमधले मराठी लोक रत्नागिरीकडे मूळ शोधत येतात, त्यांच्या हातातले कागद पाहून कधी कधी हेवा वाटतो. करारावर नेलेल्या मजुराला सरकारने नंबर दिला, जहाज, गाव, जिल्हा आणि जात लिहून ठेवली, आणि ती दफ्तरं तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने जपली. जो घरी राहिला त्या भावाची इथे कुठे एक ओळ नाही.

तर माणूस नेमायचा तो केव्हा? तुमच्या हातात १९००च्या आसपासचं पक्कं नाव, गाव आणि भावकी असेल, आणि मागे वतन किंवा इनाम असल्याची काही खूण असेल तेव्हा. मोडी कागद घरातच सापडले तर त्याआधीही. काम टप्प्याटप्प्याने द्या: एक गाव, एक दफ्तर, ठरलेले दिवस. पिढीमागे दर लावणारा नको, त्याला पिढ्या वाढवायचा मोह होणारच. प्रत्येक नावापुढे रुमाल किंवा फेरफार नंबर आणि कागदाचा फोटो मागा. मोडी असेल तर ओळीला ओळ लिप्यंतर मागा, नुसता सारांश नको. सरकारदरबारी द्यायचं असेल तर पुराभिलेख विभागाच्या यादीवरचा मोडी जाणकार घ्या, नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं. आणि कुठे पाहिलं पण सापडलं नाही, हेही लेखी मागा. त्याचेही पैसे द्यावे लागतात आणि द्यावेत, कारण रिकाम्या निघालेल्या दहा रुमालांना भरलेल्या रुमालाइतकाच वेळ जातो.