लेअर कोंबड्या आणि फ्लोराइड: पाण्याआधी खाद्य तपासा

प्रश्न : महिनाभरात आमच्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांची अंडी घटली, कवच पातळ झाले, विष्ठाही पातळ पडते. बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. पाणी बदलावे का? खाद्य घरीच मिसळतो. फॉस्फरससाठी त्यात २ टक्के रॉक फॉस्फेट असते.

उत्तर : आधी रॉक फॉस्फेट थांबवा, पाण्याचे नंतर बघू. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, म्हणजे तुमच्या बोअरमधून तिच्या पोटात जेमतेम पाऊण मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. आता खाद्य धरा. खतासाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या रॉक फॉस्फेटमध्ये साधारण ३ ते ४ टक्के फ्लोरीन (फ्लोराइडचे मूलद्रव्य) असते. ते २ टक्के मिसळले की किलोभर खाद्यात ६०० ते ८०० मिलिग्रॅम झाले. ११० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या कोंबडीला त्यातून रोज ७०-८० मिलिग्रॅम मिळते, पाण्याच्या जवळपास शंभरपट! युरोपात कोंबड्यांच्या पूर्ण खाद्यासाठी किलोला ३५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

लेअर कोंबडी फ्लोराइड बऱ्यापैकी सोसते. तिच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. ते आतड्यात फ्लोराइडला धरते आणि बराचसा भाग विष्ठेतून निघून जातो. शोषल्यावर शरीरात उरतो तो बहुतेक हाडांत साठतो. म्हणून त्रास उशिरा दिसतो. पहिली खूण म्हणजे खाणे मंदावणे. अंड्यांची संख्या आणि वजन त्यामागोमाग उतरते. मात्रा फार वाढली की मूत्रपिंड आणि यकृतालाही इजा होते.

रॉक फॉस्फेटऐवजी पशुखाद्य दर्जाचे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) वापरा. पिशवीवर फ्लोरीनचे प्रमाण बघून घ्या : फॉस्फरसच्या शंभराव्या भागाहून जास्त नको. १८ टक्के फॉस्फरस असेल तर फ्लोरीन ०.१८ टक्क्याच्या आत. कॅल्शियमसाठी नुसता शिंपला वाढवून हे भागणार नाही.

तरीही कवच पातळ होण्याचा सगळा दोष फ्लोराइडवर टाकू नका. उन्हाळा, कळपाचे वय, कॅल्शियमची कमतरता, आयबीसारखे (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा विषाणूजन्य श्वसनरोग) आजार हीही कारणे असतात. चार-पाच पोत्यांतून थोडेथोडे खाद्य एकत्र करून प्रयोगशाळेत द्या आणि पशुवैद्यकाला कळप दाखवा.

उरलेले हे खाद्य गायी-म्हशींना मात्र घालू नका. या जनावरांची सोसण्याची मर्यादा खाद्याच्या किलोला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. आणि ते बोअरचे पाणी घरात पिऊ नका. माणसांसाठी लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको.