गॅसचा शॉकअप : आधी गॅस काढा, मग सर्कलिप

प्रश्न : माझ्या मोटरसायकलला मागे बाजूच्या टाकीचा गॅस शॉकअप आहे. तोरणमाळच्या घाटात सतत जाणं-येणं असतं. आता रॉडवर तेल येतंय. मे महिन्याच्या उन्हात गॅस फुगून सील गेलं असेल का? सील किट आणलंय, घरी खोलता येईल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : दोष उन्हाचा नाही. 15 बारचा गॅस 25 अंशांवरून 45 अंशांवर तापला तरी दाब जेमतेम 1 बारने वाढतो. सील खाते ती धूळ आणि रॉडवरचा ओरखडा. रॉड स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर आधी रॉडचं बघा, नाहीतर नवं सीलही फाटेल.

गॅस भरायचा व्हॉल्व्ह असेल तरच शॉकअप खोला. टाकीचं झाकण 50 मिलिमीटरचं असेल, तर 15 बारला त्यावर जवळपास 300 किलोचा रेटा असतो. अशा वेळी सर्कलिप (झाकण अडवून धरणारी, खाचेत बसणारी पोलादी कडी) निघाली तर झाकण थेट तोंडावर येतं.

स्प्रिंगची बसवलेली लांबी मोजून लिहून ठेवा, मग स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावूनच ती उतरवा. रॉड पूर्ण बाहेर असू द्या. डोळ्यांवर गॉगल हवाच. व्हॉल्व्हचं तोंड स्वतःपासून दूर वळवा, वर फडकं धरा आणि पिन हळूहळू दाबा. फुस्स आवाज थांबला की व्हॉल्व्हची पिन काढून टाका. गॅसबरोबर तेल उडालं तर फ्लोटिंग पिस्टनची, म्हणजे टाकीत तेल आणि गॅस वेगळे ठेवणाऱ्या सरकत्या पिस्टनची, ओ-रिंगही (गोल रबरी सील) गेली समजा.

आता रॉड आत ढकला. तो आपोआप बाहेर आला तर दाब अजून आत आहे. झाकणही हाताने दोनेक मिलिमीटर आत सरकायला हवं. यातलं एक जरी जमलं नाही, तरी तिथेच थांबा. हातोडी मारू नका. पिस्टन अडकला असेल तर व्हॉल्व्ह रिकामा होऊनही तेलाच्या बाजूला दाब राहतो.

सर्कलिप निघाल्यावर तिच्या खाचेची धार बारीक पॉलिश पेपरने मारा. खूप जण हे टाळतात, आणि नवी ओ-रिंग त्याच धारेवर कापली जाते.

तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच भरा. बुडबुडे थांबेपर्यंत रॉड सावकाश वरखाली करा. फ्लोटिंग पिस्टनची खोली मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. गॅसला जागा कमी पडली तर रॉड आत जाताना तेलाला सरकायला वाव उरत नाही आणि सील पुन्हा फुटतं.

गॅस म्हणून फक्त नायट्रोजन. हवा भरायच्या कंप्रेसरच्या हवेत ओल असते. ऑक्सिजन तर कधीच नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. एसी दुरुस्ती करणाऱ्यांकडे नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर असतो. रेग्युलेटरशिवाय थेट सिलिंडर जोडू देऊ नका. भरल्यावर टायरच्या गेजने दाब तपासू नका. टाकीत गॅस इतका थोडा असतो की गेज लावतानाच बराचसा निघून जातो.

प्रश्न : कारच्या शॉकअपला व्हॉल्व्ह नाही, तोंड दाबून बंद केलंय. वेल्डिंगवाला म्हणतो, गरम करून उघडतो.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अजिबात नको. बंद नळीत तेल आणि गॅस तापले की नळी फुटते आणि पेटतं तेल उडतं. हा शॉकअप खोलण्यासाठी बनवलेलाच नाही. त्याच एक्सलवरचे दोन्ही बदला.