हौशी, नवशिका आणि शिलेदार

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: 'लेकीच्या घोडेस्वारी क्लबच्या स्पर्धेचं पत्रक मराठीत करतेय. नॉव्हिस आणि ॲमॅच्युअर, दोन्हीकडे "नवशिका" लिहिलं तर चालेल का? आणि ॲमॅच्युअर-ओनरला काय म्हणू?'

नाही चालणार, ताई. नवशिका नॉव्हिसपुरताच ठेवा. तिथे मोजायची ती आजवरची बक्षिसं. अमेरिकी नियमांत हिशेब अगदी बांधलेला आहे: एकही पहिला नंबर नसेल तो मेडन, 3 व्हायच्या आत नॉव्हिस, 6 व्हायच्या आत लिमिट. मेडनसाठी 'अजिंक्य' किंवा 'अविजित' मात्र लिहू नका, अर्थ पार उलटा होतो. सरळ 'पहिलं बक्षीस न मिळालेले' लिहा.

ॲमॅच्युअरचा प्रश्न पैशांचा. घोडा फिरवायचे, तयार करायचे, शिकवायचे पैसे घेत नसाल तर तुम्ही हौशी. हौशी रंगभूमी म्हणताना नट कच्चे आहेत असं थोडंच म्हणायचं असतं? माथेरानला दस्तुरी नाक्यावर एक घोडेवाला भेटला होता. गिऱ्हाईक बसवण्याआधी त्याने तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, दोन बोटं सरकवली, एक भोक आवळलं, पुन्हा बोटं घालून पाहिली, मगच रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, पुढे केली. दुसऱ्यांची घोडीही तो पैसे घेऊन तयार करून द्यायचा. अशा माणसाला आपल्याकडे चाबूकस्वार हा नेमका शब्द आहे. तो उद्या स्पर्धेत उतरला तर नवशिक्यांत बसेल, हौशींत नाही. उलट वीस वर्षं कप जिंकणाऱ्या ठाण्यातल्या डॉक्टरीणबाई हौशीच राहतील, पण नवशिक्या नक्कीच नाहीत. एकच शब्द वापरलात तर या दोघांपैकी एकाचा अर्ज चुकीच्या गटात जाणारच.

ॲमॅच्युअर-ओनर म्हणजे स्वतःच्या घोड्यावर बसणारा हौशी स्वार. हा शब्द वाचून मला फार आनंद झाला, कारण हा फरक मराठी फौजेने कधीच केला होता. सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई तो शिलेदार. मूळ फारसी सिलाहदार, म्हणजे हत्यारबंद. हल्ली 'पक्षाचे शिलेदार' म्हणताना त्यातला घोडा हरवलाय. तुमच्या पत्रकात तो परत आणता येईल. पगारी शिपाई असा अर्थ कुणी काढू नये म्हणून 'हौशी शिलेदार (घोडा स्वतःचा)' असं लिहा. क्लबच्या घोड्यावर बसणारी तुमची लेक मग बारगीर. हे तिला जरूर सांगा.