आखेनला येतेयस, तर आधी हे वाच

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं, मनापासून अभिनंदन! तू विचारलंस की विद्यार्थी म्हणून इथे कशाकशात सवलत मिळते, आणि व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या पैशांतले महिन्याला ९९२ युरो पुरतात का. पुरतात, पण हात राखून. मी याच गावात मास्टर्स केलं, मग इथेच नोकरी लागली, आता नववं वर्ष चालू आहे. सांगलीहून आले तेव्हा मीही 'सवलत' म्हणजे दुकानात कार्ड दाखवून दहा टक्के कमी, एवढंच समजत होते. खरी मदत तिथे नसते. ती सेमेस्टरच्या सुरुवातीला भरायच्या वर्गणीत असते.

आपल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही. तुझ्या मैत्रिणीचं कार्ल्सरूहेला चाललंय असं तू लिहिलंस. ते बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं, आणि तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमेस्टरला १५०० युरो भरावे लागतात. तुला फक्त सेमेस्टर वर्गणी, तीनशे युरोंच्या थोडी वर. ही रक्कम बघून घरचे विचारतील की फी नाही म्हणाले होते, मग हे काय. त्यातला मोठा वाटा प्रवासाच्या तिकिटाचा असतो. देशभर चालणारं 'डॉइचलांड तिकीट' विद्यार्थ्यांना नेहमीच्या किमतीच्या साठ टक्क्यांत मिळतं. बस, ट्राम, लोकल, रिजनल गाड्या, सगळं त्यात. कलोनला तासाभरात जाशील, वेळ असेल तर गाड्या बदलत बर्लिनपर्यंतही. फक्त आयसीई आणि आयसी या वेगाच्या गाड्यांत ते चालत नाही. आमच्या वेळी तिकीट राज्यापुरतंच होतं, त्यामुळे तुझा मला थोडा हेवाच वाटतोय.

जेवणासाठी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. तिथे विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे असे तीन दर असतात, आणि विद्यार्थ्यांचा दर बाहेरच्या जेवणापुढे अगदीच किरकोळ. शाकाहारी काहीतरी रोज असतं. पोंटवालवरच्या मोठ्या मेन्सात दुपारी भारतीय मुलामुलींचं एक टेबल भरलेलं दिसेल. पहिले दोन-तीन आठवडे तिथेच जेव. स्वयंपाकाची भांडी गोळा करण्यात जीव घालवू नकोस, पण कुकर मात्र घरून आण.

राहण्याचं सगळ्यात अवघड. विद्यार्थी-सेवा संस्थेची, म्हणजे 'श्टुडिरेन्डनवेर्क'ची वसतिगृहं सगळ्यात स्वस्त, पण प्रतीक्षा यादी महिनोन्महिने चालते. म्हणून व्हिसाची वाट न बघता अर्ज कर. कोणी मेलवर सुंदर खोलीचे फोटो पाठवेल, "मी परदेशात आहे, आधी डिपॉझिट भरा, चावी पोस्टानं पाठवतो" म्हणेल. एक पैसाही पाठवू नकोस. माझ्या बरोबरच्या एका मुलानं असेच सहाशे युरो घालवले आणि पहिले दोन आठवडे ओळखीच्याकडे जमिनीवर झोपला. आणखी एक. सीमेपलीकडचं वाल्स गाव बसनं अगदी जवळ, तिथली खोली कोणीतरी सुचवेलच. पण ते नेदरलँड्स आहे आणि तुझा निवास परवाना जर्मनीचा असेल, तेव्हा त्या नादाला लागू नकोस.

विम्याचं नीट लक्ष देऊन वाच. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विमा सवलतीच्या दरात मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. काही एजंट याहून बराच स्वस्त खासगी विमा दाखवतात. तो घेऊन तू सार्वजनिक विम्यातून बाहेर पडायची परवानगी मागितलीस, तर ते शिक्षण संपेपर्यंत पुन्हा आत येता येत नाही. माझ्या खोलीतली मुलगी अशीच अडकली, आणि दाताच्या उपचाराचं बिल आलं तेव्हा रडायचीच बाकी होती. वर्षाला हजारभर युरो वाचतात म्हणून हा सौदा करू नकोस, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

काम करायची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. मात्र विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या संस्थेत विद्यार्थी-सहायकाचं काम, ज्याला सगळे 'हिवी' म्हणतात, त्या मोजणीत धरत नाहीत. आखेनमध्ये इंजिनिअरिंगच्या संस्था भरपूर आहेत, आणि हिवीची कामंही. पहिल्या सेमेस्टरला मात्र काम नको. भाषा, विषय आणि थंडी, तिन्ही एकदम अंगावर येतात. पगारातून कर कापला गेला तर पुढे विवरणपत्र भरून तो बहुतेक वेळा परत मिळतो. मागच्या चार वर्षांचं भरता येतं, म्हणून लॅपटॉपच्या, पुस्तकांच्या पावत्या जपून ठेव.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तू सवलती विचारल्यास, पण मदत विचारली नाहीस. मीही विचारली नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली, मी इथे, आणि एका विषयात दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झालं की त्या शाखेतलं शिक्षणच संपतं, हे ठाऊक असूनही मी कोणाला काही बोलले नाही. पाच वाजताच अंधार पडायचा, मी पलंगावर बसून राहायचे. घरी फोनवर "सगळं छान" म्हणायचे. शेवटी आमच्या विभागातल्या विद्यार्थी मंडळातली एक जर्मन मुलगी हाताला धरून विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात घेऊन गेली.

तिथे कोणी मला वेडी म्हटलं नाही, पैसे घेतले नाहीत, घरी कळवलं नाही. मी इंग्रजीत बोलले. पाच-सहा बैठका झाल्या. परीक्षेच्या दिवशी खरंच आजारी असशील तर पेपरला न बसता डॉक्टरांचं प्रमाणपत्र लगेच द्यावं लागतं, पेपर देऊन झाल्यावर "बरं नव्हतं" म्हणून उपयोग नाही, हेही मला तिथेच कळलं. दोन्ही वेळा मी तापात पेपर दिला होता! विद्यार्थी मंडळात, म्हणजे 'फाखशाफ्ट'मध्ये, जुन्या प्रश्नपत्रिकांचा साठा असतो. तोही मला तेव्हाच मिळाला. तिसऱ्या वेळी पास झाले.

पैशाची अडचण आली तरी तसंच. रुपया घसरला, घरचं कर्ज अडलं, असं होतं. आंतरराष्ट्रीय कार्यालयातून शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना पदवी पुरी करण्यासाठी मदत मिळू शकते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट विद्यार्थी मंडळांकडेही अडचणीतल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी निधी असतो, आणि त्यासाठी ख्रिश्चन असावं लागत नाही. घरमालकाशी भांडण झालं तर विद्यार्थी संघटनेत, 'आस्टा'त, फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. हे सगळं भीक नाही गं. तुझ्या सेमेस्टर वर्गणीतून यातलं बरंच आधीच भरलेलं आहे.

बाकी बारीकसारीक. संग्रहालयात, नाटकाला, पोहण्याच्या तलावावर विद्यार्थी कार्ड दाखव. विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रात मोजक्या युरोंत सेमेस्टरभर खेळता येतं, मी तिथे बॅडमिंटन सुरू केलं तेव्हा पहिल्या मैत्रिणी मिळाल्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली फेकू नकोस, सुपरमार्केटच्या मशीनला परत दे. रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोंची महिन्याची वर्गणी घरामागे एकच असते, तेव्हा एकत्र घर घेतलंत तर सगळ्यांत वाटून घ्या. आणि जर्मन पत्र आलं की न उघडता कोपऱ्यात ठेवू नकोस, कळलं नाही तर फोटो मला पाठव.

वसतिगृहाचा अर्ज आज रात्रीच भर. खोली कुठल्या भागात मिळाली ते कळव, कुठली बस पकडायची ते मी सांगते.