आकड्याचा पत्ता

चि. ........ हिस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी टिपणं वाचली. पुस्तकं, गाड्या, फोन, अर्थव्यवस्थेच्या बातम्या यांवर रोज एखादं पान लिहायचं ठरवलं आहेस आणि हात चांगला बसतो आहे. थट्टाही जमते. खटकलं ते एकच. पानोपानी आकडे आहेत, पण एकालाही पत्ता नाही. 'गाडी २२ देते.' 'महागाई उतरली.' 'पॉवर बँक २०,००० ची आहे.' 'पुस्तकाच्या १२ आवृत्त्या निघाल्या.' कोणत्या रस्त्यावर २२? कशाच्या तुलनेत उतरली? किती व्होल्टला २०,०००? आणि त्या आवृत्त्या होत्या की पुनर्मुद्रणं? आकड्याशेजारी त्याचं एकक, तारीख आणि तो कशावर, कसा मोजला हे नसेल, तर वर्षभराने तुझं पान तुलाच उलगडणार नाही.

महागाईचं वाक्य आधी घेऊ, कारण तिथे जाणतेही घसरतात. समज, किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या टोपलीचा भाव दाखवणारा आकडा, १०० होता, वर्षाने ११० झाला आणि त्यापुढच्या वर्षाने ११३. पहिल्या वर्षीचा महागाई दर १० टक्के, दुसऱ्या वर्षीचा २.७. दर उतरला, म्हणजे मथळा खरा. पण तीच टोपली मूळ भावापेक्षा अजून १३ टक्क्यांनी महागच आहे. 'कुठे काय स्वस्त झालंय?' असं विचारणाराही खराच. म्हणून दर लिहिशील तिथे निर्देशांकाची पातळीही लिहीत जा.

आता दुसरी खोच. मासिक महागाई दर सहसा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून सांगतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये निर्देशांक १०० होता आणि एप्रिलमध्ये उसळून १०४ झाला असं धर. यंदा मार्चमध्ये १०६, एप्रिलमध्ये १०७. मार्चचा दर येतो ६ टक्के, एप्रिलचा २.९. भाव महिन्याभरात चढलेच, तरी दर निम्म्याहून खाली आला, कारण गेल्या एप्रिलचा पाया उंच होता. यालाच 'बेस इफेक्ट' म्हणतात. दर अचानक पडला किंवा चढला की आधी बारा महिन्यांपूर्वीचं पान उघडायचं आणि मग मत लिहायचं.

जीडीपीच्या बातमीत तर तीन तऱ्हेचे आकडे एकाच रांगेत बसवलेले दिसतात. अमेरिकेचा तिमाही वाढीचा ठळक आकडा वार्षिक दराने सांगतात. तिमाहीत ०.५ टक्के वाढ झाली, की हाच वेग चारही तिमाह्या राहिला असता असं धरून साधारण २ टक्के छापून येतं. युरो वापरणाऱ्या देशांचा ठळक आकडा आधीच्या तिमाहीशी सरळ तुलना करून येतो, म्हणजे ०.५ ला ०.५ च. भारताचा येतो तो गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून. हे तिन्ही एका तक्त्यात शेजारी मांडून 'कोण पुढे' असं लिहिलंस तर ते पान फाडून टाकावं लागेल. शिवाय पहिला आकडा कायमचा नसतो. अमेरिकेत एरवी तिमाही संपल्यावर महिन्याभराने पहिला अंदाज येतो, त्यानंतर महिन्या-महिन्याने दुसरा आणि तिसरा. वहीत 'पहिला अंदाज' एवढे दोन शब्द लिहिलेस तरी पुढची फजिती टळते.

व्याजदर ६ वरून ६.५ झाला, की 'अर्ध्या टक्क्याने वाढला' असं आपण म्हणतो. बँकवाले ५० बेसिस पॉइंट म्हणतात, एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. आणि एखादा हुशार गडी ८.३ टक्क्यांनी वाढला म्हणेल, तोही गणिताने बरोबर. तू सरळ '६ वरून ६.५' असं लिही. दोन्ही टोकं दिली की वाद उरत नाही.

बेरोजगारीच्या आकड्यात छेदाकडे बघ. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून १०० माणसं, त्यांतली ८ बेकार, म्हणजे दर ८ टक्के. त्या आठांतल्या तिघांनी कंटाळून शोधणंच सोडलं, तर ती मोजणीतूनच बाहेर जातात. उरतात ९७ पैकी ५, म्हणजे ५.२ टक्के. एकालाही नोकरी लागली नाही आणि दर सुधारला. या बातमीखाली श्रमशक्तीत सहभागाचा दर, म्हणजे कामाच्या वयातल्या लोकांपैकी किती जण काम करतात किंवा शोधतात तो आकडा, छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय वरच्या आकड्यावर ओळ लिहू नये.

गाड्यांकडे वळण्याआधी त्यांच्या कर्जाचं बघू. '८ टक्के फ्लॅट, ५ वर्षं' अशी जाहिरात असेल, तर १०० च्या कर्जावर पाच वर्षांचं ४० व्याज आधीच बेरजेत धरतात आणि १४० चे साठ हप्ते पाडतात. तू मुद्दल दरमहा फेडत असतेस, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०० वर लागत राहतं. घटत्या शिलकीवर हिशोब मांडला तर हाच दर सुमारे १४ टक्के निघतो. दोन कर्जांची तुलना लिहिताना दोन्ही घटत्या शिलकीच्या दरावर आणून घे. ते जमलं नाही, तर हप्ता गुणिले हप्त्यांची संख्या, अधिक प्रक्रिया शुल्क, एवढं तरी दोन्हींसाठी मांड. मात्र ही तुलना मुदत सारखी असेल तरच खरी.

मायलेजचा छापील आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. युरोपात २०१७ पासून नव्या मॉडेलांना लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी बघ. गाडी रोलर्सवर उभी असते, तापमान २३ अंश, एसी बंद, ३० मिनिटांत साधारण २३ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ४६.५. त्याआधीची एनईडीसी चाचणी २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती, सरासरी वेग ताशी ३४ च्या आसपास. ती इतकी सौम्य होती की तिचे आकडे रस्त्यावर क्वचितच मिळत. म्हणून जुन्या आणि नव्या गाडीचं छापील मायलेज एका ओळीत मांडण्याआधी चाचणी कोणती ते बघ. आणि तुझ्या वहीत तुझाच आकडा असू दे. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भर. त्यापुढे रेटून भरू नकोस, कारण पेट्रोलच्या गाडीत जास्तीचं इंधन वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा निकामी होतो. ट्रिप मीटर शून्यावर आण. टाकी पावपर्यंत उतरली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा आपोआप बंद पडेपर्यंत भर. किलोमीटर भागिले लिटर. अर्धवट टाकीवर हा खेळ करू नये. नोझल थोडं लवकर किंवा उशिरा बंद पडून अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. ५ लिटर भरताना ती १० टक्क्यांची चूक होते, ३० लिटर भरताना दोन टक्क्यांहून कमी.

अशा तीन टाक्या मोज, पण तीन मायलेजांची सरासरी काढू नकोस. एका टाकीत १५ लिटरमध्ये ३०० किलोमीटर, म्हणजे २०. दुसरीत २० लिटरमध्ये २००, म्हणजे १०. सरासरी १५ दिसते. प्रत्यक्षात ५०० किलोमीटरला ३५ लिटर लागले, म्हणजे १४.३. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि भागाकार शेवटी एकदाच. डॅशबोर्ड दाखवतो तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेव. दोघांतला फरक साधारण एकसारखा राहतो का ते बघण्यात गंमत आहे.

'दहाची गाडी बारावर आली तर काय मोठंसं' असं तू एका ठिकाणी लिहिलं आहेस. मोठंसंच आहे! १०० किलोमीटरला १० लिटर लागायचे ते ८.३ झाले, म्हणजे १.७ लिटर वाचले. २० ची गाडी २५ वर गेली तर ५ चे ४, वाचला एकच लिटर. लिटरमागे किलोमीटर या मापाने आपली नजर फसते. खर्चाचं बोलायचं असेल तेव्हा १०० किलोमीटरला किती लिटर, असं उलटं मांड. आणि महामार्गावर मायलेज पडलं, तर गाडीला दोष देण्याआधी वेग लिही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो ५६ टक्क्यांनी जास्त.

टायरच्या हवेबद्दल थोडक्यात. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, गाडीला लागणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मिळतो. माप थंड टायरचं घ्यायचं, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. तापमान ५-६ अंश सेल्सिअसने बदललं की दाब सुमारे १ पीएसआय बदलतो. लांबच्या फेरीनंतर दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर सकाळी टायरमध्ये हवा कमी सापडेल. तुझ्या टिपणातलं 'हवा सारखी कमी होते' हे त्यामुळेही असू शकेल.

आता पॉवर बँक. २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आतल्या सेलचा आकडा, तोही ३.७ व्होल्टचा. गुणाकार कर: ७४ वॉट-तास. हा ऊर्जेचा खरा आकडा, आणि विमानात विनापरवानगी नेण्याची १०० वॉट-तासांची मर्यादाही याच एककात आहे. फोनची बॅटरी ५,००० एमएएच असेल तर चार वेळा चार्ज व्हायला हवी असं वाटतं. पण फोनचा सेल बहुधा ३.८५ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे १९ वॉट-तासांचा. शिवाय व्होल्टेज वर चढवताना आणि पुन्हा उतरवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. हाती पडतं ते तीनच्या आसपास. कंपनीने फसवलं असं लिहिण्याआधी एवढा हिशोब व्हायला हवा.

तोच प्रकार २५६ जीबीच्या ड्राइव्हचा. विंडोज २३८ दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. जागा कुणी खाल्लेली नाही. इंटरनेटचा १०० एमबीपीएस वेग बिटचा आहे. आठ बिटचा एक बाइट, म्हणून आठाने भाग, सेकंदाला १२.५ मेगाबाइट. आणि टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार आहे. त्यामागे जुनं यूएसबी २.० असेल तर कमाल वेग ४८० एमबीपीएस. म्हणजे १०० जीबीची फाइल कागदोपत्रीच २८ मिनिटं घेणार, प्रत्यक्षात बरीच जास्त. १० जीबीपीएसच्या पोर्टवर तीच कागदावर ८० सेकंदांत जाते. केबलचंही तसंच. ६० वॉटच्या वर चार्जिंग हवं असेल तर ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. १०० वॉटचा चार्जर घेऊन लॅपटॉप रखडत असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा.

'बॅटरी छान टिकते' या वाक्याला काही अर्थ नाही. वर्षाने सेटिंगमधली बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता, आणि दिसत असेल तर चार्ज सायकलींची संख्या लिही. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरली की एक सायकल. युरोपीय संघाच्या जून २०२५ पासूनच्या नियमानुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० सायकलींनंतरही निदान ८० टक्के क्षमता राहायला हवी. तुझ्या आकड्याला पट्टी म्हणून ते पुरेसं आहे.

पुस्तकांवरची तुझी टिपणं सगळ्यांत चांगली आहेत, म्हणून तिथे फार बोलत नाही. फक्त श्रेयनामावलीचं पान, म्हणजे प्रकाशक आणि छपाईची माहिती असलेलं, आधी वाच. आवृत्ती म्हणजे मजकुरात बदल, पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. बारा पुनर्मुद्रणं झालेलं पुस्तक दहा वर्षं जुन्या माहितीवरच उभं असू शकतं. इंग्रजी पुस्तकांत १० ते १ अशी आकड्यांची ओळ असते, तिच्यात उरलेला सर्वांत लहान आकडा तो छपाईचा क्रम. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं साल लिही. अर्थकारणावरचं 'ताजं' पुस्तक हाती आलं की मागच्या टिपा उघडून त्यांतलं सर्वांत अलीकडचं साल शोध. लेखकाचं जग तिथे थांबलेलं असतं.

यशस्वी कंपन्यांची रहस्यं सांगणारी पुस्तकं वाचताना ज्या कंपन्यांनी तेच केलं आणि बुडाल्या त्या यादीत का नाहीत, हा प्रश्न समासात लिहून ठेव. २००१ साली गाजलेल्या अशाच एका पुस्तकातल्या अकरा आदर्श कंपन्यांत सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणारी अमेरिकी कंपनी होती. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. असं पुस्तक वाचू नये असं मुळीच नाही, पण त्यावरच्या टिपणाला पाच वर्षांनी परत यावं लागतं.

आणि एखादं वाक्य उतरवून घेतलंस तर अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक त्याच क्षणी टाक. नंतर टाकू म्हटलं की सहा महिन्यांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं.

वहीचा उजवा समास तीन बोटं मोकळा सोड. आकडा सुधारून आला, अंदाज चुकला, मायलेज बदललं, तर जुनं खोडायचं नाही. समासात तारीख घालून नवं लिहायचं. ज्या पानावर पुढच्या महिन्याचा किंवा वर्षाचा अंदाज केला असशील, त्यावर तो तपासायची तारीखही आजच घाल.

पुढच्या पत्राबरोबर गाडीचं टिपण तेवढं नव्याने लिहून पाठव, पण तीन टाक्या झाल्यावरच. घाई नाही.

तुझा हितचिंतक