बिल्डरवरचं शुल्क आणि गरिबाचं घर

प्रश्न : सर, मी अशोक चौकाच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा यंत्रमागावर आहे, मी आणि सासूबाई विड्या वळतो. गरिबांच्या घरांसाठी बिल्डरांकडून शुल्क घ्यावं, असं अलीकडे ऐकते. माझा भाऊ जुळे सोलापुरात फ्लॅट बघतोय. तो म्हणतो, हे पैसे शेवटी माझ्याच माथी बसणार. त्याचं खरं आहे का? आणि त्यातून आमच्यासारख्यांना घर मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, भावाची भीती अर्धी खरी आहे. ज्या बिल्डरने जागा घेऊन ठेवली आहे, बुकिंगही सुरू केलं आहे, त्याच्यावर अचानक शुल्क बसलं तर तो ते गिऱ्हाइकाकडून काढायला बघणार. जागा घेण्याआधीच शुल्क ठाऊक असेल तर मात्र हिशेब बदलतो. माझी सगळी नोकरी बांधकाम परवान्याच्या फायली तपासण्यात गेली, त्यामुळे हा हिशेब जवळून पाहिलाय. या भागात फ्लॅट कितीला जाईल ते आधी धरायचं. त्यातून सिमेंट, लोखंड, मजुरी, बँकेचं व्याज, महापालिकेचं चलन आणि स्वतःचा नफा वजा करायचा. उरेल तो जागेचा भाव. शुल्क लागलं म्हणून गिऱ्हाइकाचा पगार वाढत नाही, त्यामुळे बराचसा भार जागामालकाच्या भावावर पडतो. आणि रानाचे प्लॉट पडून भाव चढतो तो रस्ता, पाणी, ड्रेनेज येतं म्हणून. त्या वाढीत शहराने वाटा मागणं मला पूर्ण न्याय्य वाटतं.

आकडा किती? समजा, चौरस फुटामागे 50 रुपये धरले. 700 फुटांच्या फ्लॅटला 35 हजार, आणि 60 फ्लॅटच्या स्कीमला 21 लाख. पंतप्रधान आवास योजनेत रायनगर या कामगार वसाहतीतल्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळाला. त्या मापाने एका स्कीममधून आठ कुटुंबांना तेवढीच मदत होते. पण मुंबई-पुण्याचा दर इथे आणून चिकटवला, तर सोलापुरातल्या छोट्या स्कीमच बंद पडतील. दर रेडीरेकनरशी, म्हणजे जागेच्या सरकारी दराशी बांधलेला आणि वर्ष-दीड वर्ष आधी जाहीर केलेला हवा. म्हणजे भावाने आज बुक केलेल्या फ्लॅटलाही झळ लागणार नाही.

बिल्डर विकास शुल्क आजही भरतात. 1966च्या नगररचना कायद्यात ते 1992 साली आलं, पण ते सार्वजनिक सुविधांसाठी आहे. घरांसाठी आपल्याकडे दुसरा नियम आहे : 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 20 टक्के जागा किंवा घरं अल्प उत्पन्न गटासाठी. पण तो 10 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना लागू केला गेला. 2011च्या जनगणनेत सोलापूर 9 लाख 51 हजारांवर थांबलं आणि 2021ची जनगणना झालीच नाही. पन्नासएक हजार माणसांसाठी कामगारांचं हे शहर बाहेर राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. मध्य प्रदेशात घरांऐवजी ‘आश्रय शुल्क’ भरण्याची सोय आहे, तमिळनाडूत मोठ्या बांधकामांवर अशीच आकारणी होते. माझं मत विचाराल तर मोठ्या लेआउटमध्ये घरंच घ्यावीत, पैसे नकोत. दहा फ्लॅटच्या इमारतीत ते जमत नाही, तिथे शुल्क.

आता तुमच्या घराचं. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांची 10 हजार घरं झाली, मग रायनगर. कामगार नेते आडम मास्तर आणि कामगारांनी वर्षानुवर्षं लढून ती मिळवली. 19 जानेवारी 2024 ला तिथल्या 15 हजार घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. फार मोठं काम आहे ते. पण ती वसाहत शहराबाहेर आहे. तुम्हाला पान-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला जावं लागतं, नवऱ्याची रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. अनुदानाने भिंती उभ्या राहतात, शहरातली जागा त्यात बसत नाही. म्हणून या शुल्काचा पैसा आधी पूर्व भागात, कारखान्यांच्या जवळ जागा घ्यायला वापरावा, असं मी ठामपणे म्हणतो.

आणि त्याचं खातं वेगळं हवं. महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा पगार आणि ठेकेदारांच्या बिलांत जिरतो, तो पुन्हा शोधून सापडत नाही. किती जमा झाले, कुठली जागा घेतली, हे दर वर्षी छापून यावं.

महापालिकेला हे शुल्क मनाने लावता येत नाही, कायद्यात तरतूद राज्यालाच करावी लागेल. महापालिका ठराव करून तशी मागणी मात्र पाठवू शकते. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे ब्रँचमधल्या बायकांनी मिळून सह्यांचा अर्ज द्या. त्यात दोनच मागण्या लिहा : 20 टक्क्यांच्या नियमासाठी 10 लाखांची अट काढावी, आणि छोट्या इमारतींवर शुल्क लावून त्याचं खातं वेगळं ठेवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.