व्हिस्की ‘जुनी’ की ‘मुरलेली’?

प्रश्न असा आहे: बंद पडलेल्या स्कॉटिश डिस्टिलरीच्या सिंगल माल्टचं (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून गाळलेल्या व्हिस्कीचं) वर्णन मराठीत करताना ‘२२ वर्षे जुनी’ लिहावं की ‘२२ वर्षे मुरलेली’? आणि ‘नोज’ (नाकाला जाणवतं ते), ‘फिनिश’ (घोट उतरल्यावर मागे उरणारी चव) या चाखणाऱ्यांच्या शब्दांचं काय करावं?

‘मुरलेली’ लिहा, पण कशात मुरली तेही लिहा. आयला बेटावरच्या पोर्ट एलनचं उदाहरण घेऊ. ही डिस्टिलरी १९८३मध्ये बंद पडली. तिच्या उरलेल्या साठ्यातून २००१मध्ये जी पहिली वार्षिक आवृत्ती निघाली, ती १९७९मध्ये गाळलेली, २२ वर्षांची आणि ५६.२ टक्के मद्यार्काची होती. ही बाटली आज उघडली तर आतला माल गाळून पंचेचाळीस वर्षं उलटून गेलेली आहेत. म्हणजे ‘जुनी’ म्हटलं तर पंचेचाळीसच्या वर, ‘मुरलेली’ म्हटलं तर बावीसच. कारण व्हिस्की ओकच्या पिपात असेपर्यंतच मुरते. काचेत गेली की तिचं वय थांबतं. लेबलवरचं वय हे पिपातलं वय असतं, आणि अनेक पिपांतला माल एकत्र केला असेल, तर त्यातल्या सर्वांत कोवळ्या पिपाचं.

घोटाळा लोणच्यामुळे होतो. लोणचं काचेच्या बरणीतही मुरतं, त्यामुळे मराठी वाचक बाटलीबद्दलही तसंच धरून चालतो. म्हणून ‘पिपात मुरलेली’. (पीप हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, तोही मुळात अशाच पिंपासाठी.) एरवी ‘मुरणे’ इथे फार नेमकं बसतं. जमिनीत पाणी मुरतं तसा हा द्रव खरोखरच लाकडात शिरतो आणि रंग, चव घेऊन परत बाहेर येतो. दरवर्षी थोडा उडूनही जातो. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला साधारण दोन टक्के धरतात. गोव्याच्या उकाड्यात ती कितीतरी जास्त असते, म्हणून तिथल्या सिंगल माल्टवर मोठे आकडे सहसा दिसत नाहीत.

मुरण्यालाही मर्यादा आहे. पिपात फार राहिली की लाकूड वरचढ होतं. अशा चवीला बरेच जण ‘कडवट’ लिहितात, पण ती असते तुरट. जीभ आवळते, कोरडी पडते, सुपारी चघळल्यासारखी. बाटलीत बिघडते ती गोष्ट वेगळी: बूच सैल झालं की मद्यार्क आणि वास उडतो, पातळी खाली येते. त्याला ‘चव उतरली’ म्हणावं. बाटली आडवी ठेवली असेल तर मद्यार्क बूच खातो आणि उघडताना त्याचा भुगा होतो. म्हणून ती उभीच ठेवायची. आणि लिलावातल्या महागड्या बाटलीची पातळी वयाच्या मानाने फारच चांगली दिसली, तर पाणी कुठेतरी मुरतंय असं समजावं.

‘नोज’ला ‘सुगंध’ नको, साधा ‘वास’ पुरे. आयलाच्या माल्टला धूर, डांबर, आयोडीन यांचा वास येतो, त्याला सुगंध कोण म्हणेल? ‘ग्लासात श्वास घेऊ द्या’ हेही नको. ‘२५ मिलिलिटर ओतून पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा’ असं सरळ लिहा. ५६ टक्क्यांची व्हिस्की नाकाला झोंबते, तेव्हा तोंड किंचित उघडं ठेवून, ग्लास जरा लांबून नाकाजवळ आणावा. एवढ्या मापात साधारण ३ मिलिलिटर पाणी घातलं की ती ५० टक्क्यांवर येते. ते थेंबाथेंबाने घालावं, कारण जास्त झालं तर परत काढता येत नाही. फार वर्षं मुरलेल्या काही पिपांतला माल मुळातच चाळिशीच्या आसपास उतरलेला असतो. त्यात पाणी घातलं की तो पाणचट होतो, आणि ‘पाणचट’ याहून चांगला शब्द त्यासाठी नाही.

‘फिनिश’ला ‘समाप्ती’ लिहिलेलं वाचून नाटकाचा पडदा पडल्यासारखं वाटतं. इथे नामाच्या मागे न लागता क्रियापद वापरा: ‘घोट उतरल्यावर धूर बराच वेळ जिभेवर रेंगाळतो’ किंवा ‘चव चटकन सरते’. मात्र लेबलवरचा ‘शेरी फिनिश’ (शेरी म्हणजे एक स्पॅनिश वाइन) हा वेगळा प्रकार. त्यात तयार व्हिस्की शेवटचे काही महिने किंवा वर्षं दुसऱ्या पिपात भरतात. तिथे प्रयोजक रूप घ्यावं: ‘अखेरीस शेरीच्या पिपात मुरवलेली’.

राहिलं ‘बंद पडलेली’. पोर्ट एलन २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली, तिच्यासारखीच १९८३मध्ये बंद पडलेली ब्रोरा ही डिस्टिलरी त्याआधी २०२१मध्ये. तेव्हा त्यांच्या जुन्या मालाबद्दल ‘१९८३ किंवा त्याआधी गाळलेली’ असं लिहावं. लिटलमिलसारख्या, पुन्हा सुरू न झालेल्या ठिकाणांना ‘बंद पडलेली’ चालेल.